वसईचा सर्वांत जुना माजी विद्यार्थी

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मला वाटले, पुन्हा एकदा डब्यातली सुकी मासळी, बावखलात पडलेली दप्तरे आणि सरांची छडी यांवर लिहायचे आहे. पण तसे नव्हते. आठवणींचे लेख भरपूर आले आहेत, तू आपल्या भागातल्या एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिही, असे त्यांचे म्हणणे होते. माजी विद्यार्थ्यांच्या अंकात लिहायचे तर माजी विद्यार्थ्यावरच लिहावे, म्हणून मी वसईचा सर्वांत जुना माजी विद्यार्थी निवडला. त्याची शाळा आपली नव्हे, किल्ल्यातली. तो शाळेतून बाहेर पडला त्याला साडेचारशे वर्षे झाली. त्याचे नाव संत गोन्सालो गार्सिया.

आपल्यापैकी जे ख्रिस्ती नाहीत त्यांनाही हे नाव परके नाही. त्याच्या नावाचे कॉलेज वसईत आहे, आपल्यातले कितीतरी जण तिथे शिकले. पण नावापलीकडे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एका ओळीत संपते: जपानात क्रुसावर मेला. माझेही अनेक वर्षे तसेच होते. आठवीत असताना इतिहासाच्या बाई आम्हाला किल्ल्यात घेऊन गेल्या होत्या. पडक्या चर्चच्या भिंतींवर वडाच्या मुळ्या चढलेल्या, आम्ही मुले बुरुजावर चढायच्या घाईत. बाईंनी गोन्सालोचे नाव घेतले, त्या काही सांगतही होत्या. माझे लक्ष चिंचांकडे होते. ते राहिलेले ऐकणे मी या लेखात भरून काढतो आहे.

एक आधीच सांगतो. संताबद्दल आदरार्थी बोलायची आपली रीत आहे. पण मी गोन्सालोला 'तो'च म्हणणार आहे. आपल्याच गल्लीतल्या, पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हणतो तसे. धर्मगुरूंनी आणि आमच्या बाईंनी माफ करावे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १५५७च्या सुमारास, गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली, कोकणातली. म्हणजे घरात दोन भाषा, दोन प्रकारचे जेवण आणि दोन प्रकारचे नातेवाईक. दोन्हीकडचा असलेल्या मुलाला दोन्हीकडे थोडे उपरे मानले जाते, हे आपण आजही पाहतो. तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतींत तर माणसाची किंमत त्याच्या रक्तावरून ठरायची. कोण पोर्तुगालमध्ये जन्मला, कोण इथे जन्मला, कोणाची आई कोण, याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येईल.

किल्ल्यात येशूसंघीयांची शाळा होती. स्वतः फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले होते, त्यांच्या माणसांनी पुढे इथे चर्च आणि विद्यालय उभारले. गोन्सालो तिथे वाढला आणि शिकला. लिहिणे-वाचणे, प्रार्थना, गाणे. शिकवणाऱ्या धर्मगुरूंचा त्याला लळा लागला असावा, कारण पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो त्यांच्यातल्याच एका फादरांबरोबर जपानला निघाला.

आज आपली मुले बारावीनंतर कॅनडाला जातात तर सगळी वाडी त्यांना सोडायला विमानतळावर येते. त्या काळी जपानला जायचे म्हणजे वसईहून गोवा, गोव्याहून मलाक्का, तिथून मकाव. मकावला पोहोचायचे आणि वारा फिरायची वाट बघत पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचे. मग चिनी रेशमाने भरलेल्या मोठ्या जहाजातून जपान. सगळे सुरळीत झाले तरी दोन वर्षे जायची, आणि सगळे सुरळीत क्वचितच व्हायचे. आपल्याकडच्या कोळी बांधवांना सांगायला नको की वारा आपल्या सोयीने वाहत नाही.

जपान तेव्हा मोठ्या उलथापालथीत होते. ठिकठिकाणचे सरदार एकमेकांशी लढत होते. ओदा नोबुनागा एकेक प्रांत जिंकत चालला होता. पोर्तुगीज प्रथम १५४३ साली तिथे पोहोचले, १५४९ साली झेवियर कागोशिमाला उतरले. नागासाकी हे छोटे खेडे १५७०-७१च्या सुमारास पोर्तुगीज जहाजांचे बंदर झाले. अशा देशात वसईचा हा मुलगा उतरला आणि त्याने भाषा उचलली. जपानी भाषा ज्यांनी कधी शिकून पाहिली असेल त्यांना ठाऊक असेल की समोरचा माणूस आपल्यापेक्षा मोठा की लहान, मालक की नोकर, यावर तिथे क्रियापद बदलते. आपल्या 'तू-तुम्ही-आपण'ची ती कितीतरी पट वाढवलेली आवृत्ती म्हणा. घरातच दोन भाषांत वाढलेल्या मुलाला ते जमले. थोड्याच काळात तो बाजारातल्या माणसासारखे जपानी बोलू लागला. धर्मशिक्षक म्हणून त्याने सुमारे आठ वर्षे काम केले. तो मनमिळाऊ होता, लोक त्याच्याकडे येत.

आणि त्याला एकच गोष्ट हवी होती. येशूसंघात व्रतस्थ बंधू म्हणून प्रवेश. धर्मगुरू व्हायचे नव्हते, मोठे पद नको होते, फक्त त्यांच्यातला एक व्हायचे होते. तो विचारत राहिला आणि ते त्याला नाकारत राहिले. त्याच्या जन्माचा, म्हणजे आई इथली असण्याचा, यात भाग होता का, याची चर्चा अभ्यासक करतात. माझे मत विचाराल तर भाग असणार. आठ वर्षे तुमच्या घरात राबणाऱ्या, तुमच्या भाषेत तुमचेच काम करणाऱ्या मुलाला तुम्ही उंबऱ्यावर ठेवता, तेव्हा कारण त्याच्या कामात नसते. पण त्याच येशूसंघीयांनी त्याला शिकवले, त्यांनीच त्याला जगात नेले, हेही खरे. एकाच शाळेकडून माणसाला वही मिळते आणि ओरखडाही मिळतो. आपल्यातल्या काहींना हे समजेल.

गोन्सालो त्यांच्यातून बाहेर पडला आणि व्यापारी झाला.

संतचरित्रे हा भाग झटकन उरकतात. मला तो फार आवडतो. कारण तो यशस्वी झाला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, पूर्वेकडची बंदरे पायाखालची होती. धंदा वाढला, ठिकठिकाणी शाखा निघाल्या. त्याला नाकारणारे त्याच्याबद्दल काय बोलत असतील ते सोडा. तिशीतला हा वसईकर आता चार पैसे बाळगून होता आणि कोणाचा मिंधा नव्हता. व्यापारासाठी त्याचे मनिलाला जाणे-येणे असे. मनिला १५७१पासून स्पॅनिश लोकांच्या ताब्यात होती. तिथे त्याला फ्रान्सिस्कन भेटले.

फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसची माणसे. जाड्याभरड्या कापडाचा झगा, कमरेला दोरी, पायात फार तर चपला. खिशात पैसा नाही, कारण खिसाच नाही. मागून आणायचे आणि वाटून खायचे. त्यांच्या आद्य गुरूच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका महारोग्याला मिठी मारल्यावर, असे त्यांच्यात सांगतात. त्यामुळे जिथे जातील तिथे महारोग्यांची सेवा हा त्यांचा जणू पहिला धडा. गोन्सालो त्यांच्याकडे ओढला गेला. १५८७-८८च्या सुमारास त्याने धंदा गुंडाळला, झगा घातला आणि त्यांच्यात व्रतस्थ बंधू झाला. जे एका घराने आठ वर्षांत दिले नाही ते दुसऱ्याने दिले.

इथून पुढे गोष्ट एका माणसाची राहत नाही, एका छोट्या मंडळीची होते. म्हणूनच मला ती लिहावीशी वाटली.

नोबुनागाचा १५८२ साली अंत झाला आणि त्याच्या जागी तोयोतोमी हिदेयोशी आला. साध्या घरातून वर आलेला, अत्यंत हुशार आणि तितकाच लहरी. १५८७ साली त्याने परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला, पण तो कडकपणे राबवला नाही. येशूसंघीय गुपचूप, डोके खाली घालून राहिले. पोर्तुगीज जहाजांशिवाय रेशीम येत नव्हते आणि त्या व्यवहारात या फादरांची मध्यस्थी लागत होती, म्हणून हिदेयोशीनेही डोळेझाक केली. पुढे त्याने मनिलाच्या गव्हर्नराला शरण येण्याचा निरोप धाडला. गव्हर्नराने वेळ काढण्यासाठी वकील पाठवायचे ठरवले. १५९३ साली जे शिष्टमंडळ निघाले त्याचे प्रमुख होते फादर पेद्रो बाउतिस्ता, स्पेनमधल्या आविला भागातले फ्रान्सिस्कन. सोबत आणखी तिघे. त्यातला एक दुभाषी, आपला गोन्सालो. तिकडची भाषा आणि रीतरिवाज जाणणारा त्यांच्यात तोच.

हिदेयोशी तेव्हा क्यूशू बेटावरच्या नागोया नावाच्या तळावर होता, कोरियावरची स्वारी तिथून चालली होती. जपानचा सर्वसत्ताधीश, रेशमी वस्त्रांतले त्याचे सरदार आणि समोर दोरीने कंबर बांधलेले हे चौघे. प्रत्येक वाक्य गोन्सालोच्या तोंडून इकडून तिकडे जात होते. एका चुकीच्या क्रियापदावर मान जायची. शरण येण्याचा विषय टाळायचा आणि यजमानाचा अपमानही होऊ द्यायचा नाही. हे त्याने निभावले. शेवटी हिदेयोशीने त्यांना राजधानीत, म्हणजे तेव्हा मियाको म्हटल्या जाणाऱ्या आजच्या क्योतो शहरात, राहण्याची मुभा दिली, पुढे जागाही दिली.

त्या जागेवर त्यांनी १५९४ साली छोटे चर्च आणि मठ बांधला. आणि चर्चला लागून इस्पितळ. एक पुरले नाही म्हणून दुसरे. एकाला संत आन्नाचे नाव, दुसऱ्याला संत योसेफाचे. तिथे घेतले ते मुख्यतः महारोगी.

महारोग म्हणजे काय हे आपल्या पिढीला आठवत असेल, आपल्या मुलांना नाही. माझ्या लहानपणी स्टेशनबाहेर एक बाई बसायची, हाताला फडकी बांधलेली. आजीच्या सांगण्यावरून मी रस्त्याच्या पलीकडून जायचो. एकदा तिच्यासाठी दिलेली पिशवी मी लांबूनच तिच्या दिशेने सरकवली आणि धूम ठोकली. ती काही बोलली नाही. आजही ती पिशवी सरकल्याचा आवाज मला आठवतो. आणि हे तेव्हाचे, जेव्हा त्या रोगाचे जंतू १८७३ सालीच सापडले होते आणि औषधे निघालेली होती. सोळाव्या शतकातल्या जपानात औषध नव्हते, कारण माहीत नव्हते. रोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप असे मानत. रोगी घर सोडून जायचा किंवा घालवला जायचा, पुलाखाली, देवळाच्या पायरीशी भीक मागायचा. जपानात कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा रद्द व्हायला १९९६ साल उजाडले, एवढे सांगितले तरी पुरे.

या इस्पितळांत बरे करण्यासारखे फार नव्हते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, भात शिजवायचा, अंगावर घालायला द्यायचे, मेल्यावर पुरायचे. पण हे करायला कोणी तरी दार उघडत होते. आणि पाच-सहा परदेशी झगेवाल्यांना ते एकट्याने झेपणारे नव्हते. काम चालले ते क्योतोतल्या जपानी ख्रिस्ती माणसांमुळे. पौल सुझुकी नावाचा एक जण संत योसेफ इस्पितळाची व्यवस्था बघायचा. लिओ कारासुमारू फ्रान्सिस्कनांचा उजवा हात होता. फ्रान्सिस नाव घेतलेला एक वैद्य होता, एक औषधे बनवणारा होता, एक स्वयंपाकी, एक रेशीम विणणारा, एक तलवारी घडवणारा, एक धनुष्ये बनवणारा आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा. मठात पाणी भरायला आणि मिस्सेला सेवा करायला आणखी दोन पोरे. बघा, यात सरदार नाहीत, श्रीमंत नाहीत. आपल्या चर्चच्या कमिटीत किंवा गणेशोत्सवाच्या मंडळात असतात तशी माणसे. सुतार, शिंपी, कंपाउंडर.

जपानात असे इस्पितळ हे पहिले नव्हते, हे न्यायाने सांगायला हवे. फुनाई गावी लुईस द आल्मेइदा नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने, जो पुढे येशूसंघात गेला, आपल्या पैशातून १५५७ साली इस्पितळ उभारले होते. तिथेही महारोग्यांची सोय होती. म्हणजे गोन्सालो वसईत पाळण्यात होता तेव्हा, त्याच्यासारखाच एक व्यापारी, तिकडे हेच करत होता.

पण फ्रान्सिस्कन मंडळी उघडपणे राहिली. झगा घालून रस्त्याने गेली, चर्चमध्ये उघड गाणी म्हटली. येशूसंघीयांना हे धोक्याचे वाटत होते. हुकूम अजून कायम आहे, हिदेयोशी केव्हा उलटेल सांगता येत नाही, तुम्ही आम्हालाही बुडवाल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यात स्पॅनिश विरुद्ध पोर्तुगीज ही चुरस होतीच, आणि १५८५ साली पोपनी जपान फक्त येशूसंघाकडे सोपवलेले असताना हे लोक वकील म्हणून आले आणि राहिले, हा रागही होता. मला दोन्ही बाजू पटतात. इतकी वर्षे सांभाळून ठेवलेली मंडळी ज्याच्या जिवावर टिकून आहे त्याला सावधपणा महत्त्वाचा वाटणारच. पण महारोग्याची पट्टी गुपचूप बदलता येत नाही. इस्पितळाचे दार उघडायचे म्हटले की ते रस्त्यावरच उघडते.

आणि येशूसंघीयांची भीती खरी ठरली.

१५९६च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोला जाताना वादळात सापडले आणि तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागून फुटले. आत मौल्यवान माल होता. हिदेयोशीच्या माणसांनी तो जप्त केला. जहाजाच्या सुकाणूधराने राग दाखवण्यासाठी म्हणे फुशारकी मारली की आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागाहून सैन्य. तो खरोखर असे बोलला की नाही, यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज दोघांनी नंतर एकमेकांना दोष दिला. पण हिदेयोशीला एवढे पुरेसे होते. ८ डिसेंबरला क्योतो आणि ओसाकामधल्या फ्रान्सिस्कनांच्या घरांवर पहारे बसले. काही दिवसांनी, सायंप्रार्थना चालू असताना, त्यांना हात मागे बांधून नेले.

यादी फार मोठी होऊ शकली असती. इशिदा मित्सुनारी नावाच्या अधिकाऱ्याने ती जमेल तितकी लहान केली, असे दिसते. शेवटी चोवीस जण राहिले. फ्रान्सिस्कन सहा, त्यातला एक मेक्सिकोचा, फेलिपे, जो त्याच फुटलेल्या जहाजावरून आला होता आणि मायदेशी दीक्षा घ्यायला चालला होता. येशूसंघाशी संबंधित तिघे जपानी. बाकी सारी इस्पितळाची आणि चर्चची माणसे. वैद्य, स्वयंपाकी, विणकर, मुले. शिपाई यादी घेऊन आले तेव्हा मत्तिया नावाचा एक जण घरी नव्हता. शेजारच्या दुसऱ्या मत्तियाने सांगितले की माझेही नाव तेच आणि मीही ख्रिस्ती. शिपायांना मत्तिया मिळाला, त्यांचे काम झाले.

या जागी मी नेहमी अडखळतो. गोन्सालो व्रतस्थ होता, त्याने पत्करले ते समजून पत्करले. पण तो विणकर? तो स्वयंपाकी? ते भात शिजवायला आले होते. त्यांना या कामात ओढणाऱ्यांनी कधी विचार केला असेल का की याची किंमत कोणाला पडेल? मला वाटते केला असेल, आणि म्हणूनच पुढचा महिना त्यांना फार जड गेला असेल. पण त्या विणकराकडून पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. त्याला कोणी ओढले नव्हते. ते इस्पितळ त्याचेही होते.

३ जानेवारी १५९७. क्योतोच्या रस्त्यावर त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता, तो एवढ्यावर आणला गेला. मग बैलगाड्यांतून क्योतो, ओसाका आणि साकाई शहरांतून धिंड. तिथून नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर, भर हिवाळ्यात, बराचसा पायी. वसईहून नागपूरला चालत गेल्यासारखे, फक्त थंडी बर्फाची. लोकांना दहशत बसावी म्हणून हा मार्ग निवडलेला. वाटेत दोन माणसे त्यांची सेवा करत मागोमाग चालली होती. त्यांनाही धरले. चोवीसांचे सव्वीस झाले.

धनुष्ये बनवणाऱ्या मिखाएलाचा मुलगा थॉमस याने वाटेत आईला पत्र लिहिले. ते पोहोचले नाही. बापाच्या कपड्यांत सापडले, मृत्यूनंतर. सर्वांत लहान लुईस इबाराकी, वय बारा. बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याने त्याला धर्म सोड, तुला मी ठेवून घेतो, असे सुचवले. मुलगा तयार झाला नाही. त्या अधिकाऱ्याला त्या दिवशी काय वाटले असेल, हे मी माझ्या नातवाकडे बघताना कधीकधी मनात आणतो. त्याचे वयही तेवढेच.

५ फेब्रुवारीला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका ओळीत तयार होते. परंपरा सांगते की क्रुसावर चढवलेला पहिला माणूस गोन्सालो होता आणि त्याचा क्रूस रांगेच्या मधल्या भागात होता. जपानी पद्धतीप्रमाणे दोन बाजूंनी दोन भाले. तो तेव्हा चाळिशीचा होता. ज्या बंदरात तो पोरसवदा वयात आला त्याच बंदरावरून दिसणाऱ्या टेकडीवर तो गेला. त्याच्या शेजारी, त्याच रांगेत, तेच मरण घेत, येशूसंघाचेही तिघे होते. आयुष्यभर ज्यांच्या ओळीत त्याला उभे करून घेतले नाही, त्यांच्या ओळीत.

हिदेयोशी पुढच्याच वर्षी, १५९८ साली वारला. पण छळ थांबला नाही, पुढच्या राजवटीत तो वाढला आणि जपानातले ख्रिस्ती लोक दोनशेहून अधिक वर्षे लपून राहिले. १६२७ साली पोप आठवे उर्बन यांनी या सव्वीसांना धन्यवादित घोषित केले. इकडे १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. ज्या शाळेत गोन्सालो शिकला तिच्या भिंतींवर झाडे उगवली. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्वांना संत घोषित केले. भारतात जन्मलेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा हा पहिला संत. दुसरे नाव यायला २००८ साल उजाडले, केरळच्या संत आल्फोन्सा.

संतपदानंतर तीनच वर्षांत नागासाकीत एक गोष्ट घडली. फ्रेंच धर्मगुरूंनी तिथल्या परदेशी लोकांसाठी ओउरा भागात चर्च बांधले आणि ते या सव्वीसांना वाहिले. १७ मार्च १८६५ला जवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी, बायका, माणसे, चर्चच्या दाराशी आले आणि आत येऊन फादर पतिजाँ यांना हळूच सांगून गेले की त्यांचीही श्रद्धा तीच आहे. अडीचशे वर्षे, धर्मगुरूंशिवाय, आईने मुलीला आणि बापाने मुलाला शिकवत ती मंडळी टिकली होती. निशिझाकावर आज सव्वीसांचे स्मारक आहे, १९६२ साली उभारलेले, फुनाकोशी यांनी घडवलेल्या सव्वीस कांस्यमूर्तींचे. त्या रांगेत वसईचा माणूस आहे. आपल्या बॅचचे कोणी जपानला कामाला असेल तर एक रविवार काढून जा आणि फोटो पाठवा.

आपल्याकडे वसई धर्मप्रांत १९९८ साली झाला तेव्हा त्याचा आश्रयदाता म्हणून गोन्सालोचीच निवड झाली. पण मला त्याची आठवण चर्चच्या फलकापेक्षा वेगळ्या ठिकाणी होते. १९१८ साली मोन्सिन्योर मोनिस यांनी पापडीला बँक सुरू केली, ती सावकाराच्या पाशातून इथल्या शेतकऱ्यांना सोडवायला. सांडोरला कार्डिनल ग्रेशियस यांच्या नावाचे इस्पितळ आहे, आपल्यातले निम्मे जण तिथे जन्मले असतील. लॉकडाउनच्या दिवसांत आपल्याच वर्गातल्या काहींनी टेम्पोमधून भाजी आणि तांदूळ घरोघर पोहोचवले, कोणाचे आडनाव काय ते न विचारता. त्यातल्या एकाला मी तेव्हा फोनवर म्हटले होते की वेडेपणा करू नकोस, घरी म्हातारे आईवडील आहेत. तो हसला आणि फोन ठेवला. आता समजते की मी येशूसंघीयांच्या बाजूने बोलत होतो आणि तो झगेवाल्यांच्या.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ज्यांना जमेल त्यांनी किल्ल्यात यावे असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. आठवीची सहल पुन्हा. इतिहासाच्या बाई येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून रिक्षा थेट आतपर्यंत नेऊ. त्या काळी त्या काय सांगत होत्या ते मी नीट ऐकणार आहे. चिंचा अजून तिथे आहेत.